श्रवणयंत्र वापरताना प्रौढांना येणाऱ्या अडचणी

श्रवणयंत्र, म्हणजे बोलीतले ‘कानाचे मशीन’, आवाज वाढवते. आतला बिघडलेला कान दुरुस्त करत नाही. प्रौढांच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ या मर्यादेत आहे.

वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात आंतरकर्णातील केशपेशी झिजतात आणि वरच्या पट्टीचे ध्वनी आधी हरवतात. स्वर ऐकू येतात, पण ‘स’, ‘त’, ‘फ’ यांसारखी व्यंजने निसटतात. ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ ही नेहमीची तक्रार त्यातूनच येते. यंत्र हे ध्वनी मोठे करून देते. मात्र गोंगाटातून एकाचे बोलणे वेगळे काढण्याची कानाची क्षमता घटली असेल, तर ती त्याने भरून निघत नाही. म्हणून घरात उत्तम चालणारे यंत्र लग्नाच्या हॉलमध्ये कुचकामी वाटते. समोरचा आवाज अधिक टिपणारे दिशादर्शी मायक्रोफोन मदत करतात, पण बोलणारा जवळ असेल तरच. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे 6 डेसिबलने घटतो.

मोठे आवाज सोसत नाहीत, याचे कारणही कानातच आहे. श्रवणदोष 60 डेसिबलचा असला तरी असह्य वाटणारी पातळी 100 डेसिबलच्या आसपासच राहू शकते. मग सगळे आवाज उरलेल्या 40 डेसिबलमध्ये बसवावे लागतात. त्यासाठी डिजिटल यंत्र हळू आवाज जास्त आणि मोठे आवाज कमी वाढवते. हे सेटिंग चुकले, तर भांडे पडल्याचा आवाजही डोक्यात जातो.

कानाची नळी मोल्डने, म्हणजे कानाच्या मापाच्या साच्याने, बंद झाली की स्वतःचाच आवाज घुमतो. मोल्डला छिद्र ठेवल्यास किंवा उघडा डोम (कानात बसणारी मऊ, छिद्रे असलेली टोपी) वापरल्यास हे घुमणे कमी होते. याउलट सैल मोल्डमधून आवाज बाहेर गळून मायक्रोफोनकडे परततो व शिट्टी वाजते. कानातला मळही शिट्टीला कारण होतो.

घाम आणि कोकणातल्यासारखी पावसाळी दमट हवा यंत्राला बाधते. रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवतात. यंत्रातला झिंक-एअर सेल त्यावरचे स्टिकर काढताच हवेमुळे सक्रिय होतो आणि वापर नसला तरी उतरू लागतो. थरथरत्या किंवा संधिवात झालेल्या बोटांना हा चिमुकला सेल बदलणे अवघड जाते. त्यांना रिचार्जेबल यंत्र सोयीचे.

पंख्याची घरघर, कागदाची सळसळ असे विसरलेले आवाज सुरुवातीला नकोसे होतात. सवय व्हायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. फक्त समारंभापुरते यंत्र लावणाऱ्यांना ती सहसा होतच नाही. लाज आणि किंमत हे अडथळे आहेतच, पण ऑडिओलॉजिस्टकडे पुन्हा जाऊन सेटिंग न करून घेणे हे यंत्र कपाटात पडून राहण्याचे टाळता येण्याजोगे कारण आहे. योग्य सेटिंगनंतरही बोलणे समजत नसेल, तर तीव्र श्रवणदोषात कॉक्लिअर इम्प्लांटचा (शस्त्रक्रियेने आंतरकर्णात बसवायच्या उपकरणाचा) विचार केला जातो.