माळ्यावरचा हिंदुस्थान

प्रतिसृष्टी आपल्याला नवी नाही. त्रिशंकूसाठी विश्वामित्राने एक उभारलीच होती. आणि तिकडची घटका वेगळी, इकडची वेगळी, हेही आपण आजीकडून ऐकलेले असते. ककुद्मी राजा लेकीला घेऊन ब्रह्मलोकात गेला, गाणे संपेपर्यंत जरा थांबला, आणि परत येतो तर पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटलेली! म्हणून तर रेवतीला बलराम नवरा मिळाला. सी. एस. लुईस यांच्या नार्नियात हिशेब उलटा आहे. चार भावंडे कपड्यांच्या कपाटातून त्या जगात जातात, राज्य करतात, मोठी होतात, आणि परत येतात तेव्हा इथे क्षणही सरलेला नसतो.

हे कपाट सगळ्यांना ठाऊक आहे. पण नार्नियाच्या कितीतरी आधी लुईसच्या घरात आणखी एक जग उभे राहिले होते आणि त्या जगाचा अर्धा भाग म्हणजे चक्क आपला हिंदुस्थान होता, हे मला फार उशिरा कळले.

लुईसचा जन्म १८९८ चा, बेलफास्टचा. १९०५ मध्ये कुटुंब नव्या, मोठ्या घरात राहायला गेले. लांबच लांब बोळ, रिकाम्या खोल्या, जिथे बघावे तिथे पुस्तके. आजोबांनी स्वतः बनवलेले कोरीव लाकडी कपाटही घरात होते. लहानगा जॅक (घरचे नाव) पोरांना त्यात बसवून गोष्टी सांगायचा, अशी आठवण एका चुलत बहिणीने सांगितली आहे. १९०८ मध्ये आई कर्करोगाने गेली. माळ्यावरच्या खोलीत दोघे भाऊ कागद, पेन्सिली आणि रंग घेऊन बसत. जॅकच्या देशात कपडे घातलेले बोलके प्राणी राहत. थोरल्या वॉरनला जहाजांचे आणि आगगाड्यांचे वेड. त्याच्या देशाचे नाव होते ‘इंडिया’. मग ठरले की दोन्ही देश एकाच नकाशात बसवायचे. जहाजे जायची तर समुद्र हवा, म्हणून हिंदुस्थान उचलून बेट करून टाकला आणि हिमालय गेला उत्तर किनाऱ्यावर! दोन देशांमध्ये आगबोटींचे मार्ग आखले गेले. पुढे या जोडराज्याला ‘बॉक्सन’ नाव पडले. राजे दोन, संसद एक, आणि कारभार एका बेडकाच्या हाती.

हसू येते खरे. पण पोर्तुगिजांनीही आपल्या चिमूटभर मुलखाला ‘इंडियाचे राज्य’ म्हटलेच होते की. ते तर मोठी माणसे होती!

बॉक्सनमध्ये अद्भुत असे काही नव्हते, नार्नियाशी त्याचे नाते बोलक्या प्राण्यांपुरतेच, असे लुईसनेच पुढे आत्मचरित्रात लिहिले. लेखकाचे म्हणणे मानावे, पण पुरते नाही. दोन निराळे मुलूख एका नकाशात बसवायची खोड मला तरी तिथलीच वाटते. बर्फाळ रानात छत्री आणि पुडकी घेऊन चाललेला, बोकडाच्या पायांचा वनदेव सोळाव्या वर्षापासून त्याच्या डोळ्यांपुढे होता. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि शहरांतून हलवलेली काही मुले ऑक्सफर्डजवळच्या त्याच्या घरी राहायला आली. तेव्हा त्याने चार ओळी लिहिल्या आणि ठेवून दिल्या. पहिले पुस्तक आले १९५० मध्ये, सातवे १९५६ मध्ये.

या जगात रोमन वनदेव आहेत, उत्तरेकडच्या कथांतले बुटके आहेत, ग्रीक जलपऱ्या आहेत आणि मध्येच नाताळबाबाही येऊन जातो. मित्र टोल्किन यांना ही खिचडी मुळीच रुचली नाही. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला शिरगावच्या लईराईची बहीण मानणाऱ्या आपल्या मुलखात मात्र कुणी त्याबद्दल भुवई उंचावणार नाही.

माझी अडचण वेगळीच आहे. नार्नियाच्या दक्षिणेला, वाळवंटापलीकडे, कॅलोर्मेन नावाचे साम्राज्य आहे. पागोटी, वाकड्या तलवारी, सावळी माणसे, गुलामांचा बाजार. त्यांचा देव ताश: गिधाडाचे डोके, चार हात, आणि त्याला नरबळी लागतो. पहिल्यांदा वाचले तेव्हा मी बिनदिक्कत नार्नियाच्या बाजूने लढलो. मोठेपणी त्या चार हातांपाशी थबकलो. चार हातांच्या मूर्तींना सैतान ठरवून सोळाव्या शतकात जिथे देवळे पाडली गेली, केळशीची शांतादुर्गा जिथून नदीपलीकडे कवळ्याला न्यावी लागली, तिथल्या माणसाला ही गोष्ट नुसती परीकथा म्हणून वाचता येत नाही.

आणि गंमत पाहा. नार्नियाच्या तारणहार सिंहाचे नाव अस्लान. हा तुर्की शब्द, अर्थ सिंहच. लुईसला तो सापडला अरबी सुरस कथांच्या इंग्रजी भाषांतराच्या टिपांमध्ये. म्हणजे पवित्र नाव पूर्वेचे आणि शत्रूचा पोशाखही पूर्वेचाच!

लुईसला हे अजिबात टोचले नसेल असे मात्र म्हणवत नाही. १९५४ च्या पुस्तकातली आराविस कॅलोर्मेनचीच, आणि त्या पुस्तकातले सर्वांत ताठ कण्याचे पात्र तीच. कॅलोर्मेनमध्ये मुलांना गोष्ट सांगायला शिकवतात, इंग्लंडात निबंध लिहायला. आणि निबंध वाचायला कुणी मागत नाही, असा टोमणाही तिथे आहे. (प्रस्तुत लेखकाने तो मुकाट्याने गिळला!) शेवटच्या पुस्तकात एमेथ नावाचा कॅलोर्मेनी शिपाई येतो. जन्मभर ताशला भजलेला. अस्लान त्याला जवळ करतो, म्हणतो की तुझी सेवा मलाच पोचली. हिब्रूत एमेथ म्हणजे सत्य. पण ताश मात्र ताशच राहतो. भक्त वाचतो, त्याचा देव नाही. मला हा निवाडा अजून पटलेला नाही. आमच्याकडे बहिणी-बहिणी म्हणून मिटवले असते.

लुईस १९६३ मध्ये गेला, वॉरन १९७३ मध्ये. माळ्यावरचे ते कागद १९८५ मध्ये पुस्तकरूपाने छापले गेले. त्यात हिंदुस्थान अजून बेटच आहे, आणि तिथून आगबोटी सुटताहेत.