शपथ कोणी घेतली?
सन १९७५. आयर्लंडमधील कॅथलिक पाद्री ब्रेंडन स्मिथ याच्यावर बाललैंगिक अत्याचाराचा आरोप झाला. चर्चने गुप्त चौकशी केली आणि गुप्ततेची शपथ घ्यायला लावली ती दोन पीडित मुलांना! चौकशीत टिपणे घेणाऱ्या शॉन ब्रेडी या पाद्र्यांना मुलांचे म्हणणे खरे वाटले होते. तरीही पोलिसांना कोणी कळवले नाही. स्मिथ मोकळाच राहिला, अत्याचार पुढे अनेक वर्षे चालले.

१९९४ मध्ये बेलफास्टच्या न्यायालयाने त्याला तुरुंगात धाडले. त्याच्या प्रत्यार्पणातील दिरंगाईच्या वादात डब्लिनचे सरकारही कोसळले. आरोप येताच पोलिसांना कळवावे, हे साधे तत्त्व आयरिश बिशपांनी लेखी स्वीकारले ते १९९६ मध्ये.

ब्रेडी २००७ मध्ये कार्डिनल झाले. २०१० मध्ये शपथेचे प्रकरण उघड झाले, तेव्हा त्यांनी क्षमा मागितली. राजीनामा दिला नाही.