राहुल देव बर्मन यांचे उत्तरकालीन संगीत आणि रसिकांनी केलेले पुनर्मूल्यमापन : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

चित्रपटसंगीत हा विसाव्या शतकातील भारतीय लोकजीवनाचा एक अविभाज्य घटक होय. महानगरापासून वाशीम जिल्ह्यातील खेड्यापर्यंत लग्नाचा मांडव, एस.टी. स्थानकावरील चहाची टपरी आणि गणेशोत्सवाचा मंडप या सर्व ठिकाणी चित्रपटगीतांनी सामान्य माणसाची सोबत केली आहे. असे असले तरी इतिहासलेखनात या विषयाला दीर्घकाळ दुय्यम स्थान मिळाले. त्यामुळे कोणता कलावंत श्रेष्ठ, त्याचा बहराचा काळ कोणता आणि उतरता काळ कोणता, हे ठरविण्याचे काम प्रामुख्याने बाजाराकडे राहिले. चित्रपटाचे यश हेच संगीताच्या गुणवत्तेचे माप ठरले.

या मापाची मर्यादा स्पष्ट करणारे ठळक उदाहरण म्हणजे संगीतकार राहुल देव बर्मन. 1970 च्या दशकात हिंदी चित्रपटसंगीतावर अधिराज्य गाजविणाऱ्या या संगीतकाराची 1985 नंतरची निर्मिती ‘पडत्या काळातील’ म्हणून बाजूला सारली गेली. त्यांच्या मृत्यूनंतर मात्र रसिकांनी याच निर्मितीचा नव्याने शोध घेतला. हे पुनर्मूल्यमापन कसे घडले आणि ते कितपत ग्राह्य मानावे, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

1. बर्मन यांच्या उत्तरकालीन संगीताकडे झालेल्या दुर्लक्षाची कारणे शोधणे.
2. मृत्यूनंतर झालेल्या पुनर्मूल्यमापनाचे टप्पे स्पष्ट करणे.
3. या प्रक्रियेत रसिकांनी बजावलेल्या भूमिकेचे महत्त्व व मर्यादा तपासणे.

कारकिर्दीचा संक्षिप्त आढावा

राहुल देव बर्मन यांचा जन्म 27 जून 1939 रोजी कोलकाता येथे झाला. वडील सचिन देव बर्मन हे नामवंत संगीतकार होते. 1961 मधील ‘छोटे नवाब’ हा राहुल देव यांचा संगीतकार म्हणून पहिला प्रदर्शित चित्रपट. 1966 च्या ‘तीसरी मंजिल’ने त्यांना स्वतंत्र ओळख मिळवून दिली. पुढे ‘कारवाँ’ (1971), ‘हरे रामा हरे कृष्णा’ (1971), ‘यादों की बारात’ (1973), ‘आँधी’ (1975), ‘शोले’ (1975) अशा चित्रपटांनी त्यांचे नाव घरोघरी पोहोचविले. तीनशेहून अधिक चित्रपटांना त्यांनी संगीत दिले. चाहत्यांमध्ये ते ‘पंचम’ या नावानेच ओळखले जातात.

1980 चे दशक उजाडताच त्यांची घसरण सुरू झाली, असे सर्रास सांगितले जाते. परंतु उपलब्ध पुरावे या विधानाला दुजोरा देत नाहीत. ‘लव्ह स्टोरी’ (1981) आणि ‘बेताब’ (1983) हे चित्रपट गाजले. ‘सनम तेरी कसम’ (1982) आणि ‘मासूम’ (1983) या चित्रपटांसाठी त्यांना लागोपाठ दोन वर्षे फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. ‘सागर’ (1985) मधील गायनासाठी किशोरकुमार पुरस्काराचे मानकरी ठरले. म्हणजेच ज्याला उतरता काळ म्हणतात, तो 1985 नंतरच्या सुमारे आठ वर्षांपुरता मर्यादित आहे. त्या काळात बर्मन यांचे वय अवघे 46 ते 54 वर्षांचे होते, ही गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे.

उपेक्षेची कारणे

पहिले कारण निर्मितिव्यवस्थेतील पिढीबदलाचे होते. ‘तीसरी मंजिल’पासून ज्या नासिर हुसेन यांच्याशी बर्मन यांची जोडी जमली होती, त्यांचे ‘मंजिल मंजिल’ (1984) आणि ‘जबरदस्त’ (1985) हे चित्रपट अपयशी ठरले. त्यांच्या संस्थेच्या ‘कयामत से कयामत तक’ (1988) या पुढील चित्रपटाचे दिग्दर्शन पुत्र मन्सूर खान यांनी केले आणि संगीत आनंद-मिलिंद या तरुण जोडीने दिले. जुन्या निर्मात्यांचा प्रभाव ओसरला, तसा त्यांच्याशी जोडलेल्या संगीतकाराचा आधारही ओसरला.

दुसरे कारण अभिरुचीच्या आणि तंत्राच्या बदलाचे होते. डिस्कोच्या लाटेत बप्पी लाहिरी यांचे नाव पुढे आले. इलेक्ट्रॉनिक वाद्यांमुळे मोठ्या वाद्यवृंदाची गरज कमी वाटू लागली. बर्मन यांची ताकद वादकांच्या समूहातून ध्वनी घडविण्यात होती. कॅसेटच्या प्रसाराने व्यवसायाची घडीही बदलली. नव्या कंपन्यांनी नव्या संगीतकारांना पुढे आणले आणि ‘आशिकी’च्या (1990) यशानंतर नदीम-श्रवण यांच्या शैलीचा दबदबा निर्माण झाला.

तिसरे कारण व्यक्तिगत होते. 13 ऑक्टोबर 1987 रोजी किशोरकुमार यांचे निधन झाले आणि बर्मन यांच्या चालींना लाभलेला प्रमुख पुरुषस्वर कायमचा हरपला. 1988 मध्ये स्वतः बर्मन यांना हृदयविकाराचा झटका आला व त्यानंतर लंडनमध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. काम कमी झाले आणि कमी काम म्हणजे कमी प्रतिभा, असा सोपा निष्कर्ष व्यवसायाने काढला.

प्रसारसाधने आणि वाशीमसारखा प्रदेश

उपेक्षेचे आणखी एक कारण श्रोत्यांच्या बाजूने पाहावे लागते. वाशीम हा 1 जुलै 1998 रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला, प्रामुख्याने शेतीवर अवलंबून असलेला जिल्हा. अशा भागात नवे गाणे पोहोचण्याचे मार्ग मोजकेच होते : 1957 मध्ये सुरू झालेली विविध भारती, चित्रपटगृह आणि पुढे कॅसेटचे दुकान. हे तिन्ही मार्ग चित्रपटाच्या यशाशी बांधलेले होते. न चाललेल्या चित्रपटाचे खेळ लवकर थांबत. त्याची गाणी फर्माइशीत क्वचितच येत आणि दुकानदार मागणी नसलेली कॅसेट ठेवीत नसे. त्यामुळे तालुक्याच्या गावातील श्रोत्याने बर्मन यांचे उत्तरकालीन संगीत नाकारले, असे म्हणता येत नाही. ते त्याच्यापर्यंत पुरेसे पोहोचलेच नाही.

याउलट आधीची गाणी या भागात खोलवर रुजली होती. पूर्णा–अकोला–खंडवा या पूर्वीच्या मीटरगेज लोहमार्गावर वाशीम हे एक स्थानक. त्याच मार्गावरील खंडवा हे किशोरकुमारांचे जन्मगाव. या भौगोलिक योगायोगाला फार अर्थ चिकटविण्याचे कारण नाही. मात्र ज्या आवाजाला महानगराने डोक्यावर घेतले तो याच पट्ट्यातल्या लहान गावातून गेला होता, एवढे त्यावरून ध्यानात येते. लोकप्रिय संगीताचा इतिहास केवळ मुंबईचा इतिहास नव्हे.

उपेक्षित निर्मितीचे स्वरूप

या काळातील तीन प्रकारच्या निर्मितीकडे रसिकांनी पुढे लक्ष वेधले.

पहिला प्रकार चित्रपटबाह्य ध्वनिमुद्रिकांचा. 1987 मध्ये गुलजार यांची गीते आणि आशा भोसले यांचा स्वर असलेला ‘दिल पडोसी है’ हा दोन तबकड्यांचा संच प्रसिद्ध झाला. त्यामागे चित्रपटाची कथा नव्हती, नट-नट्या नव्हत्या. येथे संगीतकार प्रसंगाच्या बंधनातून मुक्त झालेला दिसतो. हिंदुस्थानी रागसंगीताची छाया, पाश्चात्त्य वाद्यमेळ आणि संवादासारखी बोलकी गीते यांचा मिलाफ त्यात आढळतो. त्याच वर्षीच्या ‘पँटेरा’ या संग्रहात बर्मन यांनी होजे फ्लोरेस यांच्यासमवेत लॅटिन अमेरिकन धाटणीचे रॉक संगीत केले. व्यवसायाने ज्याला संपलेला मानले, तो संगीतकार त्याच सुमारास दोन पूर्णतः भिन्न दिशांनी प्रयोग करीत होता.

दुसरा प्रकार मर्यादित प्रेक्षक लाभलेल्या चित्रपटांचा. गुलजार दिग्दर्शित ‘इजाजत’ (1987) मधील एका मुक्तछंदातील गीतासाठी आशा भोसले यांना गायनाचा आणि गुलजार यांना गीतलेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. यमक आणि ठरावीक मात्रा नसलेल्या त्या रचनेचा कागद पाहून, उद्या वर्तमानपत्राला चाल लावायला सांगाल, अशा आशयाची तक्रार बर्मन यांनी केल्याची आठवण गुलजार यांनी अनेकदा सांगितली आहे. शब्द सन्मानित झाले, स्वर सन्मानित झाला. परंतु त्या दोहोंना जोडणाऱ्या चालीच्या वाट्याला तो सन्मान आला नाही. ‘लिबास’ या 1988 च्या चित्रपटाचे तर व्यावसायिक प्रदर्शनच झाले नाही. त्याची गाणी चित्रपटावाचून ऐकली गेली.

तिसरा प्रकार विधू विनोद चोप्रा यांच्या चित्रपटांचा. ‘परिंदा’ (1989) आणि त्यानंतर ‘1942 : ए लव्ह स्टोरी’ यांमध्ये एका तरुण दिग्दर्शकाने बर्मन यांच्यावर विश्वास दाखविला. दुसऱ्या चित्रपटाचे संगीत पूर्ण झाले. पण त्याचे यश पाहण्यास बर्मन उरले नाहीत. 4 जानेवारी 1994 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. चित्रपट त्याच वर्षी प्रदर्शित झाला आणि 1995 मध्ये त्यांना मरणोत्तर फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

पुनर्मूल्यमापनाचे टप्पे

पहिला टप्पा हळहळीचा होता. ‘1942’च्या यशाने, ज्याला आपण संपलेला समजत होतो तो संपलेला नव्हता, ही जाणीव झाली. फिल्मफेअरने 1995 पासून नवोदित प्रतिभेसाठी बर्मन यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला व तो प्रथम ए. आर. रहमान यांना दिला.

दुसरा टप्पा पुनर्मिश्रित गाण्यांचा, म्हणजे रिमिक्सचा होय. तरुण पिढीला पंचमचे नाव त्यातून कळले, हे मान्य करावे लागेल. 2003 मधील ‘झंकार बीट्स’ हा चित्रपट तर त्यांच्या चाहत्यांभोवतीच गुंफलेला होता. तथापि रिमिक्सने मुख्यतः आधीच गाजलेली गाणी पुन्हा गाजविली. उपेक्षित निर्मिती या टप्प्यातही उपेक्षितच राहिली, हा भेद महत्त्वाचा आहे.

तिसरा आणि निर्णायक टप्पा संघटित रसिकांचा. महाराष्ट्रात पुण्याच्या ‘पंचममॅजिक’ या रसिकांच्या संस्थेचे कार्य या दृष्टीने उल्लेखनीय ठरते. बर्मन यांच्या जयंती व स्मृतिदिनाच्या सुमारास होणाऱ्या तिच्या कार्यक्रमांचे स्वरूप केवळ गाण्यांच्या मैफलीचे नाही. बर्मन यांच्यासोबत काम केलेले वादक, संयोजक व दिग्दर्शक यांना व्यासपीठावर बोलते करून गाणे कसे घडले, हे त्यांच्याच तोंडून समजून घेण्याची पद्धत तेथे रुजली. इतिहासाच्या परिभाषेत यास मौखिक साधनांचे संकलन म्हणता येईल.

चौथा टप्पा लेखी व दृश्य दस्तऐवजांचा. ब्रह्मानंद सिंग यांचा ‘पंचम अनमिक्स्ड’ हा माहितीपट 2008 मध्ये आला. अनिरुद्ध भट्टाचार्जी आणि बालाजी विट्टल यांच्या 2011 मधील चरित्रग्रंथास चित्रपटविषयक सर्वोत्तम पुस्तकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 2013 मध्ये भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त टपाल खात्याने काढलेल्या तिकिटांत बर्मन यांचाही समावेश झाला. रसिकांच्या बैठकीत सुरू झालेल्या चर्चेला अशा प्रकारे औपचारिक मान्यता लाभली.

महत्त्व आणि मर्यादा

या प्रक्रियेचे सर्वांत मोठे योगदान म्हणजे मूल्यमापनाचे एकक बदलले. व्यवसाय चित्रपट मोजत होता. रसिकांनी गाणे मोजले. चित्रपट अपयशी ठरला म्हणून गाणे अपयशी ठरत नाही, ही साधी गोष्ट त्यांनी पुन:पुन्हा ऐकून सिद्ध केली. दुसरे योगदान असे की, संगीतकाराबरोबर त्याचे वादकही प्रकाशात आले. मनोहारी सिंग, मारुतीराव कीर, केरसी लॉर्ड, होमी मुल्लन, अमृतराव काटकर यांसारखी नावे पूर्वी सामान्य श्रोत्याला अपरिचित होती. संतूरवादक पं. उल्हास बापट यांनी ‘घर’ (1978) पासून ‘1942’पर्यंत बर्मन यांना साथ केली. उत्तरकाळातही ध्वनिशोध थांबला नव्हता, याचे ते साक्षीदार होते.

मात्र भक्तिभावाने केलेले मूल्यमापन एकांगी होण्याचा धोका असतो. 1980 च्या दशकात बर्मन यांनी पुष्कळ साचेबंद संगीतही दिले. एकाच वेळी अनेक चित्रपट स्वीकारल्याने काही ठिकाणी स्वतःचीच पुनरावृत्ती झाली. ‘इजाजत’ श्रेष्ठ ठरतो म्हणून त्या काळातील प्रत्येक गाणे श्रेष्ठ ठरत नाही. तसेच चाहत्यांच्या आठवणींत दंतकथांची भर पडत जाते. एकच प्रसंग दोन वादक दोन प्रकारे सांगतात. अशा वेळी आठवण हे साधन मानावे. निर्णय मानू नये. ध्वनिमुद्रिका, तिच्या वेष्टनावरील तपशील, प्रदर्शनाची वर्षे आणि अनेकांच्या साक्षी यांचा मेळ घालूनच निष्कर्ष काढणे उचित होय.

समारोप

बर्मन यांच्या उत्तरकाळाची उपेक्षा ही मुख्यतः निर्मितिव्यवस्था, तंत्र आणि वितरण यांतील बदलांचा परिणाम होती. प्रतिभेच्या ऱ्हासाचा तो पुरावा नव्हे. ही चूक विद्यापीठांनी किंवा व्यवसायाने नव्हे, तर प्रामुख्याने सामान्य रसिकांनी दुरुस्त केली. मात्र दुरुस्ती झाली तेव्हा कलावंत हयात नव्हता. उशिरा मिळालेला न्याय इतिहासाला उपयोगी पडतो, माणसाला नाही.

या उदाहरणातून प्रादेशिक इतिहासाच्या अभ्यासकांपुढे एक निकडीचे कार्य उभे राहते. मनोहारी सिंग 2010 मध्ये, केरसी लॉर्ड 2016 मध्ये आणि उल्हास बापट 2018 मध्ये निवर्तले. त्यांच्या काही आठवणी रसिकांच्या तत्परतेमुळे वाचल्या. लग्नातील बँडवादक, ऑर्केस्ट्राचे गायक, कॅसेटचे दुकानदार, लोककलावंत आणि बंजारा समाजातील गायक यांच्या आठवणी वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर, मालेगाव आणि मानोरा या तालुक्यांतही आहेत. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी त्या वेळीच ध्वनिमुद्रित करून जपून ठेवल्यास या भागातील कलावंतांचे मूल्यमापन त्यांच्या हयातीतच होऊ शकेल.