कोळंबीचं न फाडलेलं बिल

चांगी पॉइंटहून होडीने पुलाउ उबीनला गेलात, तर तिथल्या खारफुटीत मधेच मोकळी तळी दिसतील. ती नैसर्गिक नाहीत. खारफुटी तोडून, बांध घालून केलेले ते कोळंबीचे तलाव. १९९०च्या दशकात ते सोडून दिले गेले. नंतर बांध फुटले, पण आत पाणी इतकं खोल साचतं की रोपं रुजतच नाहीत. म्हणून जंगल आपोआप परतलं नाही. आता अभ्यासक आणि स्वयंसेवक मिळून ते परत आणायचा प्रयत्न करतायत.

कोळंबीच्या दरात हा खर्च कधी धरलाच नव्हता. पण तो मोजता येतो. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने आंध्र आणि तमिळनाडूतल्या कोळंबीशेतीचा असा हिशोब मांडला होता: खारावलेलं पिण्याचं पाणी, गेलेली भातशेती, मच्छीमारांची अडलेली वाट. नुकसान उत्पन्नापेक्षा जास्त निघालं. त्याच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६मध्ये किनारी नियमन क्षेत्रातले असे तलाव पाडायला आणि नुकसानभरपाई द्यायला सांगितलं.

हिशोब आधी मांडला, तर खारफुटी तोडायची की नाही हे ठरवता येतं. नंतर मांडला, तर बिल कोणी भरायचं एवढाच प्रश्न उरतो. उबीनमध्ये ते भरतायत चिखलात उतरणारे लोक.