अर्धमॅरेथॉनपूर्वीची आत्मविश्वासाची धाव

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा धावपटू अविनाश साबळे याने २९ नोव्हेंबर २०२० रोजी दिल्लीतील अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण केली. त्यापूर्वी महाराष्ट्राच्याच कालिदास हिरवे याच्या नावावर असलेला १ तास ३ मिनिटे ४६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम त्याने तब्बल सव्वातीन मिनिटांनी मागे टाकला. साबळेची मुख्य शर्यत मात्र तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची. अर्धमॅरेथॉनचे अंतर तिच्या सातपट आहे. त्या दिवशी त्याने प्रत्येक किलोमीटर सरासरी २ मिनिटे ५२ सेकंदांत पार केला. शेतकरी कुटुंबातील हा मुलगा लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी जात असे. पुढे सैन्यदलाच्या महार रेजिमेंटमध्ये दाखल झाल्यावर त्याचा शास्त्रशुद्ध सराव सुरू झाला. २१ किलोमीटर पेलण्याची ताकद अशी वर्षानुवर्षांच्या सरावातून साठत जाते.

हौशी धावपटूसमोर नेमका हाच प्रश्न असतो. सराव झालेला असतो, परंतु तो पुरेसा आहे की नाही याची खात्री नसते. ही खात्री करून देणाऱ्या सरावाला आत्मविश्वासाची धाव म्हणता येईल. तिच्यामुळे नवी क्षमता निर्माण होत नाही. महिनोन्‌महिने कमावलेली क्षमता तिच्यातून धावपटूला दिसते, एवढेच.

केव्हा आणि किती?

अर्धमॅरेथॉनचे अंतर २१.०९७५ किलोमीटर असते. पहिल्यांदाच भाग घेणाऱ्याने शर्यतीच्या दोन ते तीन आठवडे आधी १६ ते १८ किलोमीटरची धाव घ्यावी. पूर्ण अंतर आधी धावून पाहण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्याची गरज नसते. लांब धावेत स्नायूंच्या तंतूंची सूक्ष्म झीज होते आणि ती भरून येण्यास एक ते दोन आठवडे लागतात. कठोर सरावाचा लाभ शरीरात उतरण्यासही साधारण तेवढाच काळ जातो. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात घेतलेल्या मोठ्या धावेचा फायदा शर्यतीला मिळत नाही, थकवा मात्र सोबत येतो. या धावेनंतर रोजचे अंतर टप्प्याटप्प्याने कमी करावे.

धावेचे अंतर आधीच्या सर्वांत मोठ्या सरावापेक्षा एक-दोन किलोमीटरनेच अधिक असावे. दहा किलोमीटरच्या पुढे कधी न गेलेल्याने एकदम अठरा किलोमीटर धावणे म्हणजे दुखापतीला आमंत्रण होय. अशाने शर्यतीची पुढील तारीख पाहून सराव वाढवणे श्रेयस्कर.

वेग कसा राखावा?

दोन तासांत शर्यत पूर्ण करण्याचे लक्ष्य असेल, तर किलोमीटरमागे सरासरी ५ मिनिटे ४१ सेकंद मिळतात. अशा धावपटूने सोळा किलोमीटरपैकी पहिले बारा किलोमीटर प्रत्येकी साडेसहा मिनिटांच्या संथ गतीने धावावेत. धावता धावता सलग वाक्य बोलता येणे ही योग्य गतीची साधी खूण. अखेरचे चार किलोमीटर मात्र शर्यतीच्या वेगाने पार करावेत. एकूण वेळ सुमारे १ तास ४१ मिनिटे होईल. दमलेल्या पायांनी लक्ष्याचा वेग साधल्याचा हा अनुभव शर्यतीच्या दिवशी उपयोगी पडतो.

उलट सुरुवातच जोरात केली, तर स्नायूंमधील ग्लायकोजेन हा साखरेचा साठा लवकर संपतो आणि अखेरचे अंतर रडतखडत कापावे लागते. अशी धाव विश्वास देण्याऐवजी भीती देऊन जाते.

मार्ग आणि हवामान

बीड जिल्ह्यातून बालाघाटची डोंगररांग जाते. मांजरसुंब्याच्या परिसरातील चढ पायांची कसोटी पाहणारे आहेत. साताऱ्याच्या डोंगरी अर्धमॅरेथॉनसारख्या शर्यतीत उतरणाऱ्याला चढाचा सराव हवाच. मुंबईसारख्या शहरातील शर्यतीसाठी तुलनेने सपाट रस्ता निवडावा. उतारावर वेगाने धावण्याचे टाळावे, कारण मांड्यांच्या पुढच्या स्नायूंची सर्वाधिक झीज तेथेच होते.

महामार्ग या धावेसाठी योग्य नाहीत. ऊस गाळपाच्या हंगामात पहाटेच्या अंधारातही ऊस वाहून नेणारे ट्रॅक्टर आणि ट्रक रस्त्यावर असतात. कमी रहदारीच्या गावरस्त्यावर तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या माराव्यात. त्यामुळे पाणीही एका ठिकाणी ठेवता येते आणि मध्येच थांबावे लागल्यास घर दूर राहत नाही. काळ्या मातीची पायवाट पावसानंतर घसरडी होते, याचेही भान ठेवावे.

मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. त्या दिवसांत धाव सूर्योदयापूर्वीच आटोपावी. हिवाळ्यातील कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो, त्यामुळे शरीरातून किती पाणी गेले ते कळत नाही. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर लवकर तापते. बीडमध्ये सहज जमलेला वेग मुंबईत किंचित कमी ठेवावा, तो यामुळेच.

रंगीत तालीम

शर्यतीत वापरायचे बूट, मोजे आणि कपडे याच धावेत वापरून पाहावेत. नवे बूट शर्यतीच्या सकाळी प्रथम घालणे ही नवख्यांची नेहमीची चूक. धावेपूर्वी दीड-दोन तास आधी केळी किंवा थोडे पोहे असा हलका आहार घ्यावा आणि तो पचतो का ते पाहावे. पाणी तहानेनुसार प्यावे. गरजेपेक्षा फार पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घटते आणि तेही धोक्याचे ठरते.

स्नायूंचा सर्वसाधारण थकवा दोन-तीन दिवसांत ओसरतो. सांध्यात एकाच जागी टोचणारे आणि प्रत्येक पावलागणिक वाढणारे दुखणे निराळे. ते जाणवताच थांबावे. छातीत दुखणे, भोवळ येणे किंवा अकारण धाप लागणे ही लक्षणे दिसल्यास धाव तात्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावे. पस्तिशी-चाळिशीनंतर प्रथमच धावू लागलेल्यांनी, तसेच मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांनी वैद्यकीय तपासणी आधीच करून घ्यावी.

निकाल कसा लावावा?

या धावेचे यश घड्याळावरून ठरवू नये. धाव संपल्यावर आणखी दोन-तीन किलोमीटर जाता आले असते असे वाटले, तर ती साधली असे समजावे. सोळा किलोमीटरनंतर उरणारे पाच किलोमीटर शर्यतीतील सोबत, विश्रांती घेतलेले पाय आणि भरलेला ऊर्जासाठा यांच्या बळावर पार पडतात. धाव फसली, तर चार दिवसांत ती पुन्हा करून पाहू नये. वेग जास्त झाला की झोप कमी पडली, ऊन लागले की आहार चुकला, याचा शोध घ्यावा आणि शर्यतीचे लक्ष्य पाच-दहा मिनिटांनी सैल करावे. पहिल्या अर्धमॅरेथॉनमध्ये सुखरूप अंतिम रेषा गाठणे हे विक्रमाहून कमी मोलाचे नाही.