‘रांधणे’ आणि ‘स्वयंपाक’ : एका क्रियापदाची पीछेहाट

प्रमाण मराठीत ‘रांधणे’ हे क्रियापद आज स्वतंत्रपणे क्वचितच येते. ‘रांधा, वाढा, उष्टी काढा’ या वाक्प्रचारात ते टिकले आहे, पण तेथेही स्त्रीच्या न संपणाऱ्या कष्टांची खूण म्हणूनच. तापीकाठच्या सारंगखेड्याच्या परिसरात मात्र अहिराणी, गुजरी आणि गुजराती यांचा शेजार आहे आणि तेथे हे क्रियापद चुलीपाशीच राहिले आहे. गुजरातीत ‘रांधवुं’, कोकणीत ‘रांदप’. कडेच्या भाषांनी जे राखले ते मध्यवर्ती भाषेने मागे का सारले, हा प्रस्तुत टिपणाचा प्रश्न आहे.

संस्कृत ‘रध्’ धातूचा अर्थ वश होणे, नमणे. त्याच्या ‘रन्धयति’ या प्रयोजक रूपाशी ‘रांधणे’चा संबंध जोडला जातो. कठीण धान्याला अग्नीच्या साहाय्याने नमवणे म्हणजे रांधणे. ‘शिजणे’चे मूळ ‘सिध्’ या धातूत आहे. तेथे अन्न स्वतःच सिद्ध होते. ‘शिजणे’ अन्नाकडे पाहते, तर ‘रांधणे’ कर्त्याकडे. ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२, इ. स. १२९०) दुसऱ्या अध्यायात उत्तम रांधून ते मोलाने विकणाऱ्या ‘रांधवणी’चा दृष्टांत आहे. तेथे विक्रीला दोष दिला आहे, कौशल्याला नव्हे. त्या काळी हा शब्द केवळ घरकामाचा वाचक नव्हता, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

‘स्वयंपाक’ या शब्दाचा अर्थव्यूह वेगळा आहे. ‘स्वयं’ म्हणजे स्वतः. परक्याच्या हातचे न खाता आपले अन्न आपणच शिजवणे, हा त्यामागील सोवळ्याचा दंडक. शब्द सर्व जातींत रुळला, ग्रामीण तोंडी ‘सैपाक’ झाला आणि त्यातील ‘स्वयं’ नकळत विझले. इतके की इतरांसाठी मोलाने अन्न शिजवणाऱ्यालाच आपण ‘स्वयंपाकी’ म्हणतो. या विसंगतीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही; विचारव्यूहाचा विजय असाच निःशब्द असतो.

या बदलाचा व्याकरणिक परिणामही लक्षणीय आहे. ‘वांगी रांधली’ या वाक्यात कर्म आहे, पदार्थ आहे, हाताची कृती आहे. ‘स्वयंपाक केला’ यात कृती नामात गोठते आणि वांगी वाक्याबाहेर जातात. क्लोद लेवी-स्ट्राउस याने १९६४ साली कच्चे आणि शिजवलेले या द्वंद्वातून निसर्ग आणि संस्कृती यांच्या सीमेचा विचार मांडला. मराठीचा इतिहास त्यात एक पुरवणी जोडतो : अन्न शिजले का, या प्रश्नाच्या जोडीला ते कोणाच्या हातचे, हा प्रश्नही आपल्या शब्दातच कोरला गेला आहे.

सारंगखेड्याची एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला भरते आणि तिचा घोडेबाजार दूरवर प्रसिद्ध आहे. १९९८ मध्ये धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यातील हे गाव प्रमाण भाषेच्या नकाशावर कडेला पडते. परंतु ‘रांधणे’पुढे ‘ग्राम्य’ किंवा ‘बोलीरूप’ असा शेरा मारणे म्हणजे इतिहास उलटा वाचणे होय. बोलीने येथे अपभ्रंश केलेला नाही. जुना, सर्वांचा शब्द जपला आहे. प्रमाण भाषेने जो स्वीकारला, तो मात्र एका वर्गाच्या आचाराचा शब्द होता.