वाकळेचा वाटा

आमच्या माणदेशात गोधडी हा शब्द पुस्तकात भेटायचा. घरात म्हणायचे वाकळ. पाहुणा आला की आजी आतून हाक द्यायची, "आगं, ती थोरली वाकळ काढ." मग पाहुण्याच्या अंगाखाली घरातली सगळ्यात जाड वाकळ जायची आणि आम्ही पोरं उरलेल्या दोन-तीन वाकळांत एकमेकांना ढकलत झोपायचो.

वाकळेचं कूळ तसं मोठं आहे. चिंध्या जोडून केलेल्या वस्त्राला संस्कृतात कंथा म्हणतात. बौद्ध भिक्खूंची चीवरं कापडाचे तुकडे जोडून शिवलेली असत. आपले गाडगेबाबा (१८७६–१९५६) अंगावर चिंध्यांचं पांघरूण घेऊन फिरायचे, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणत. साधूनं ठिगळ पांघरलं तर ते वैराग्य झालं. घरातल्या बाईनं जन्मभर ठिगळाला ठिगळ जोडलं, त्याला मात्र कुणी काही नाव दिलं नाही. फार तर 'काटकसरी आहे हो' एवढं म्हटलं. मला लिहायचं आहे ते या दुसऱ्या ठिगळाबद्दल.

माण हा सह्याद्रीच्या आडोशाचा, कमी पावसाचा मुलूख. पाऊस हुलकावणी देतो. थंडी मात्र पौष-माघात न चुकता येते, आणि उघड्या माळावरचा वारा हाडात शिरतो. ऊब दोन प्रकारची होती. एक घोंगड्याची. ते विकत घ्यावं लागे, म्हसवडच्या सिद्धनाथाच्या यात्रेत किंवा आठवड्याच्या बाजारात. त्याला रोख पैसा लागे, आणि राखणीला जाणाऱ्या गड्याच्या खांद्यावर त्याचा पहिला हक्क असे. दुसरी ऊब वाकळेची. तिला पैसा लागायचा तो फक्त सुई-दोऱ्यापुरता. बाकी सगळं घरातलं: जुनं कापड, दुपारचा वेळ आणि बाईचे डोळे.

जुनं कापड म्हणजे टाकाऊ कापड, अशी शहरातली समजूत असते. आमच्याकडं कापड टाकाऊ होईपर्यंत त्याचे चार-पाच जन्म व्हायचे. नऊवारी लुगडं घेतलं की ते पहिल्यांदा लग्नाकार्याला. त्याचा रंग उतरला की रोजच्याला. बसण्या-उठण्यानं ते मधोमध विरायचं. मग विरलेला भाग कापून टाकून दोन चांगली टोकं जोडायची, त्याला दंड घालणं म्हणत. दंड घातलेलं लुगडं आणखी वर्षभर निघायचं. आजोबांचं जुनं धोतर मऊ झालं की त्याची बाळुती आणि दुपटी व्हायची. तान्ह्या बाळाच्या अंगाला नवं कापड टोचतं. एवढं सगळं झालं की मग ते कापड वाकळेच्या गाठोड्यात जायचं. हे गाठोडं माळवदाखालच्या खुंटीला टांगलेलं असायचं आणि त्याला आजीशिवाय कुणी हात लावत नसे.

सुगी संपली, ज्वारी कणगीत पडली, की चैत्र-वैशाखात गाठोडं सुटायचं. ओसरी शेणानं सारवून वाळवायची. तिच्यावर धड लुगडं दुहेरी करून पसरायचं, हे अस्तर. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, म्हणजे कापड ताणलेलं राहतं. त्यावर आतलं भरण: सदऱ्याच्या पाठी, पायजम्याचे पाय, पटक्याचे तुकडे, परकराचे घेर. बाह्या, खिसे, बटणपट्ट्या काढून टाकायच्या. नाहीतर निजताना अंगाला टोचतात. तुकडे अशा रीतीनं मांडायचे की कुठं जाड, कुठं पातळ होऊ नये. शेवटी वरून आणखी एक बरं लुगडं. मग मोठ्या कच्च्या टाक्यांनी सगळे थर एकत्र धरायचे आणि काठापासून आत येत धावदोरा घालायचा. एका ओळीपासून दुसरी ओळ बोटभर अंतरावर. आजी, आई आणि थोरली काकू तीन बाजूंना बसायच्या. बोटाला चिंधी गुंडाळलेली असायची, तरी सुईचं टोक लागायचंच. एक वाकळ पुरी व्हायला रोजच्या दुपारी धरून पंधरा-वीस दिवस जायचे.

हे काम मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून त्याला नुसतं 'माया' म्हणून सोडून देणं मला जड जातं. माया होतीच. पण त्यात डोकंही होतं. कुठल्या लुगड्याचं सूत अजून जोमात आहे ते आजी कापड बोटात धरून ओढून सांगायची. गडद कापड वर, फिकं आत. मळखाऊ रंग पायथ्याला. लेकुरवाळीची वाकळ पातळ आणि लहान, कारण ती रोज धुवावी लागणार. म्हाताऱ्या माणसाची जाड, पण उचलायला जड नको. घरात माणसं चौदा, वाकळा दहा, त्यातली एक पाहुण्यासाठी. कुणाला कुणाबरोबर निजवायचं हा हिशोबही तिच्याच डोक्यात. ती निरक्षर होती, पण घरातली ऊब मोजून वाटायचं खातं तिच्याकडं होतं.

भाद्रपदात, घट बसायच्या आधी, सगळ्या वाकळा बैलगाडीत घालून माणगंगेला न्यायच्या. नदीला पाणी असलं तर. सोड्याच्या पाण्यात भिजवून दगडावर पायांनी तुडवायच्या. भिजलेली वाकळ पिळायला दोघी लागत, दोन टोकांना दोघी. वाळत घातल्या की वाळवंट रंगीत दिसायचं. १९७२ च्या दुष्काळात नदी कोरडी पडली आणि वाकळा न धुताच घट बसले. त्या साली आई आणि काकू खडी फोडायच्या कामावर होत्या. एक फाटकी वाकळ तिथंच फाडली आणि तिच्या घड्या तापलेल्या दगडांवर बसायला घेतल्या. आजीनं त्या वर्षी नवी वाकळ शिवली नाही. अंगावरचंच फाटलं होतं, गाठोड्यात टाकायला काही उरलं नव्हतं.

१९७८ साली आमच्या घरात वाटण्या झाल्या. आजोबा जाऊन वर्ष झालं होतं. भाऊ तिघे, बहीण एक. माझी आत्या दुष्काळी गावातच दिलेली होती, तिचं बरं चाललं नव्हतं. १९५६ च्या कायद्यानं वडिलांच्या हिश्श्यात मुलीला हक्क दिला होता. वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच जन्मापासूनचा हक्क देशभरच्या मुलींना मिळाला तो २००५ च्या दुरुस्तीनं. पण कायदा काहीही म्हणो, गावात रीत एकच होती: बहिणीनं हक्क सोडल्याच्या कागदावर अंगठा द्यायचा, साडी-चोळी घ्यायची आणि माहेर राखायचं. आत्यानं अंगठा दिला.

मग जमिनीनंतर बैल, बैलांनंतर भांडी, आणि शेवटी वाकळा ओसरीवर आल्या. दहा. तिघा भावांना तीन-तीन, आणि एक आजीच्या अंथरुणाची. आत्या खांबाला टेकून बसली होती. आजीनं आपली वाकळ उचलली आणि तिच्यापुढं ठेवली. थोरले काका म्हणाले, "आये, तू कशावर निजशील?" आजी म्हणाली, "ही माझ्या लुगड्यांची हाय. ह्यात तुमच्या बाचं काय न्हाई." कुणी काही बोललं नाही. जमिनीच्या कागदावर आजीचं नाव कधी आलं नव्हतं. घरात जे खरोखर तिचं होतं ते एवढंच, आणि ते तिनं लेकीला दिलं. त्या थंडीत आजी घोंगड्यावर निजली. नव्या वाकळेला पुरेल एवढं कापड साठायला तिला दोन वर्षं लागली.

हीच वाकळ १९८६ च्या वैशाखात आत्या माहेरी घेऊन आली. वरचं लुगडं चाळण झालं होतं, नवं घालायचं होतं. आजी तेव्हा नव्हती. आई आणि आत्यानं ती उसवायला घेतली आणि मी शेजारी बसले. कांद्याच्या पापुद्र्यासारखे थर निघत गेले. वरून दुसरा थर लाल इरकलीचा, तो आईच्या लग्नातला. त्याखाली आजोबांच्या धोतराचं पांढरं. मग खाकी आणि निळे लहान लहान तुकडे. ते मधल्या काकांनी मुंबईहून आणलेले. मुंबईत १८५६ साली पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढं सातारा-कोकणची किती घरं त्या गिरण्यांवर जगली. काका गिरणीतून सुट्टीवर येताना वजनावर मिळणारे कापडाचे तुकडे पिशवीभर आणायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात काकाही. ते कायमचे गावी आले आणि ते तुकडे तिथंच थांबले.

सगळ्यात आत, गाभ्याला, दुसरीच एक जुनी वाकळ निघाली. झिजून कागदासारखी झालेली. जाडंभरडं मांजरपाट, आणि एका बाजूला चक्क पोत्याचं कापड. आत्याला ते माहीत होतं. दुसऱ्या महायुद्धात कापड मिळेना, १९४३ साली सरकारनं कापडावर नियंत्रण आणलं, तेव्हाची ही आजीच्या हातची पहिली वाकळ. नवी नवरी होती आजी. तिच्या सासूनं तिला पोतं आणि मांजरपाट देऊन म्हटलं होतं, "शिव, बघू येतं का." ती वाकळ झिजली, पण टाकली नाही; पुढच्या वाकळेच्या पोटात घातली.

आईनं तो गाभा हातात धरला आणि आत्याला विचारलं, "काढायचा का?"

"र्‍हाऊ दे," आत्या म्हणाली. "ह्यावरच तर ती शिकली."

त्या दोघींनी तो गाभा तसाच ठेवून वर नवं लुगडं घातलं.

त्यानंतर गावात हाताची वाकळ शिवताना मी क्वचितच पाहिली. कारणं बरीच आहेत आणि त्यातली काही चांगलीही आहेत. नायलॉनच्या, टेरिकॉटच्या साड्या आल्या. त्या फाटत नाहीत, सुईखाली सरकतात, घाम टिपत नाहीत. दारावर येणाऱ्या बोहारणीनं जुन्या साड्यांवर स्टीलची भांडी द्यायला सुरुवात केली आणि सुनांना गाठोड्यापेक्षा डबा बरा वाटला. सोलापुरी चादर आणि यंत्रावरची ब्लँकेटं परवडू लागली. पोरी शाळेत गेल्या, बायकांच्या दुपारी मजुरीला लागल्या. आईला मी एकदा विचारलं, वाईट वाटतं का? ती म्हणाली, "कशाचं वाईट? डोळं वाचलं माझं." तिला चाळिशीतच सुईत दोरा ओवता येईनासा झाला होता. वाकळेचं कौतुक करताना मी तिचं हे वाक्य विसरत नाही.

आता गावोगाव टेम्पोत शिलाईयंत्र घालून माणसं येतात. 'गोधडी शिवून मिळेल' असा भोंगा वाजतो. पाच-सहा साड्या द्या, तासाभरात गोधडी घ्या. पुण्यातल्या दुकानांत हाताच्या गोधड्या काचेमागं टांगलेल्या दिसतात. त्यामुळं काही बायकांना घरबसल्या चार पैसे मिळतात, ही बरी गोष्ट आहे. काटकसरीच्या कामाला दाम मिळालं, हे आजीनं पाहायला हवं होतं.

पण जुन्या वाकळा सापडत नाहीत. राजांच्या शाली आणि पैठण्या जपल्या जातात. वाकळ वापरून संपवायसाठीच असते. झिजली की तिच्या चुंबळी होतात, डोईवरच्या हंड्याखाली ठेवायला. चुलीवरचं भांडं उतरायला फडकी होतात. शेवटी उरलेलं पोतेरं होतं आणि शेणाच्या पाण्यात संपतं. माणूस गेलं की त्याचं अंथरूण घराबाहेर काढायची रीत आहे. आत्या २००९ साली गेली तेव्हा तिची वाकळही अशीच बाहेर गेली. पोत्याचा तुकडा, मांजरपाट, गिरणीचं खाकी, आजोबांचं धोतर, सगळं.

म्हणून आता कुणाच्या घरी जुनी वाकळ दिसली की मी तिची घडी उलगडून विचारते: हे कुणाचं लुगडं, हा सदरा कुणाचा, कुणी शिवली? घरातल्या म्हाताऱ्या बाईला ते सांगता येतं, आणि सांगताना तिचा हात त्या त्या तुकड्यावर बरोबर जातो. तुमच्या घरात एखादी असेल तर तुम्हीही विचारा, आणि वहीत लिहून ठेवा. सातबाऱ्यावर ज्यांची नावं कधी चढली नाहीत, त्यांची नावं तेवढ्या निमित्तानं कुठंतरी लिहिली जातील.